पाणवठ्यावर दिसलेले प्राणी आणि जंगलातले प्राणी: आकडा नेमका येतो कुठून?

माळरान

बुद्ध पौर्णिमा झाली की दोन-चार दिवसांत बातमी येतेच. अमुक अभयारण्यात पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळ मचाणावर बसलेल्या निसर्गप्रेमींना इतके बिबटे, इतकी अस्वलं, इतके गवे दिसले. मथळा मात्र असतो 'अभयारण्यात इतके बिबटे'. गेल्या वर्षीपेक्षा आकडा जास्त असला की संवर्धनाचं यश, कमी असला की चिंता.

मचाणावरची रात्र मला फार मोलाची वाटते, पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा बसेन. पण त्या रात्रीच्या बेरजेला गणना म्हणणं पटत नाही. एकच अस्वल संध्याकाळी एका पाणवठ्यावर येतं आणि पहाटे दुसऱ्या, ते दोनदा धरलं जातं. जे त्या रात्री पाण्यावर आलंच नाही, ते हिशेबातच नाही. आणि आदल्या दिवशी वळीव पडला तर रानात जागोजागी डबकी साचतात, प्राणी ठरलेल्या पाणवठ्याकडे फिरकत नाहीत. मग काय, जंगलातले प्राणी एका रात्रीत कमी झाले? वनखातं आता या उपक्रमाला 'निसर्गानुभव' म्हणतं, ते मला योग्य वाटतं.

मग खरा आकडा काढतात कसा? 2022 च्या पाहणीत देशात 3,682 वाघ आणि महाराष्ट्रात 444, असं जाहीर झालं. इतके वाघ कुणी एकेक करून मोजले का? ज्यांनी रानात काम केलंय किंवा ज्यांचा संख्याशास्त्राचा अभ्यास आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

सागपान

माळरान, धागा चांगला काढलात. मी वनरक्षक आहे, विदर्भात. बीटचं, म्हणजे माझ्याकडे राखणीला असलेल्या जंगलाच्या तुकड्याचं, नाव लिहीत नाही.

वाघाचं नंतर. आधी चितळ-सांबराचं सांगतो, कारण खाणं किती आहे ते कळल्याशिवाय खाणारा किती टिकेल ते कळत नाही. प्रत्येक बीटमध्ये साधारण 2 किलोमीटरची सरळ लाइन आखलेली असते. आम्ही तिला ट्रान्झॅक्ट म्हणतो. मधे नाला येवो की बांबूची रांजी, लाइन सोडायची नाही. पहाटे दिसायला लागलं की चालायला सुरुवात, दोघं-तिघं, बोलायचं नाही. चितळांचा कळप दिसला की थांबायचं. कळपात किती, होकायंत्रावर दिशा कोणती, रेंजफाइंडरने अंतर किती, एवढं एम-स्ट्राइप्स ॲपमध्ये भरायचं आणि पुढे. हीच लाइन वेगवेगळ्या सकाळी पुन्हा पुन्हा चालायची.

ऐकायला सोपं आहे. पण सागाची वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडतात. सांबराचा 'ढाँक' कानावर येतो, सांबर दिसत नाही. ऐकलेलं लिहायचं नाही, बघितलेलंच लिहायचं. आणि प्राणी आपल्याला पाहून पळाला तर तो आधी जिथे उभा होता तिथलं अंतर घ्यायचं, पळून जिथे थांबला तिथलं नाही. परत येताना रस्त्यावर गव्यांचा अख्खा कळप आडवा आला तरी तो या फॉर्मात जात नाही. नवीन पोरांना हे जड जातं. त्यांना वाटतं, दिसलेला प्राणी सोडला म्हणजे आपल्या बीटचं नुकसान झालं.

माळरान

सागपान दादा, मनापासून धन्यवाद. पण कळप किती लांब होता याचा कळप किती आहेत याच्याशी काय संबंध? आणि रस्त्यावरचे गवे का सोडायचे?

सरासरी

याचं उत्तर मी देतो. संख्याशास्त्र शिकवतो आणि या विषयावर माझं प्रेम आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबेल.

जंगलात फिरताना सगळं दिसत नाही. दिसलेल्याची बेरीज ही एकूण संख्या नसते, दिसलेला हिस्सा असतो. तो हिस्सा किती, निम्मा की दहावा, हे कळलं की एकूण कळते. बाकी सगळं गणित त्या एका गोष्टीसाठी आहे.

लाइनवर चालताना पायापाशी असलेला प्राणी चुकत नाही. 20 मीटरवरचा बहुतेक वेळा दिसतो, 60 मीटरवरचा कधीमधी, 150 मीटरवरचा झुडपांमागे लपून जातो. प्राणी जंगलभर पसरलेले असतात आणि लाइन आपण त्यांना बघून आखलेली नसते, म्हणून प्रत्यक्षात लाइनपासून जवळ आणि लांब, दोन्हीकडे ते सारखेच असायला हवेत. नोंदी मात्र लांब जाऊ तशा घटत जातात. ही घट म्हणजे न दिसलेल्यांचा पुरावा. किती झपाट्याने घटतात ते पाहिलं की किती सुटले याचा अंदाज येतो.

अंतर लाइनपासून काटकोनात लागतं, म्हणून दिशा घ्यायची. समजा चितळं 60 मीटरवर दिसली आणि लाइनशी 30 अंशाचा कोन झाला, तर काटकोनातलं अंतर 30 मीटर. आता एक काल्पनिक हिशेब. सगळ्या फेऱ्या मिळून 40 किलोमीटर चाललो, 24 कळप दिसले, आणि अंतरांवरून असं निघालं की आपण लाइनच्या दोन्ही बाजूंना 40-40 मीटरचा पट्टा पुरता पाहिल्यासारखं आहे. म्हणजे पाहिलेलं क्षेत्र 40 × 0.08 = 3.2 चौरस किलोमीटर. 24 भागिले 3.2, म्हणजे चौरस किलोमीटरला 7.5 कळप. कळपात सरासरी 4 चितळं असतील तर चौरस किलोमीटरला 30 चितळं.

अंतर मोजलं नसतं तर हातात फक्त '24 कळप दिसले' एवढंच राहिलं असतं. पुढच्या वर्षी वणव्याने झुडपं जळून रान मोकळं झालं तर 40 कळप दिसतील आणि आपण म्हणू, चितळं वाढली. वाढली असते ती नजर.

रस्त्याचं असं की रस्ता काही यादृच्छिक नसतो. कडेला कोवळं गवत असतं म्हणून काही प्राणी तिथे जास्त येतात, काही वर्दळीमुळे टाळतात. रस्त्यावरची गर्दी अख्ख्या जंगलावर पसरवली तर उत्तर चुकतं.

दंडकारण्य

सगळं वाचलं. गणित चांगलं आहे, पण जुन्या लोकांना मोडीत काढू नये असं वाटतं. माझे वडील वनखात्यात होते. काचेची पट्टी ठशावर धरून स्केचपेनने ठसा उतरवायचा, प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा काढायचा, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. मागच्या डाव्या पायाचा ठसा बघून ही माणसं नर की मादी, वयाने केवढा, कुठून कुठे गेला, हे सांगायची. तेव्हा कॅमेरे नव्हते. त्या पद्धतीनेच 1972 साली देशात 1,827 वाघ उरल्याचं समजलं आणि 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. हे विसरून कसं चालेल?

सागपान

दंडकारण्य साहेब, तुमच्या वडिलांच्या पिढीकडूनच आम्ही माग काढायला शिकलो. ते ज्ञान आजही रोज लागतं. कॅमेरा कुठल्या वळणावर लावायचा हे माग पाहूनच ठरतं.

पण ठशावरून 'हा तोच वाघ' म्हणायची माझी छाती होत नाही. तोच वाघ फुफाट्यात चालला की ठसा बारीक आणि रेखीव, नाल्याच्या ओल्या गाळात पसरून मोठा. चढावर वेगळा, पळताना वेगळा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आमच्या अर्ध्या बीटमध्ये मुरमाड जमीन आहे. तिथे ठसा उमटतच नाही. त्या भागातला वाघ मग कागदावर यायचा कसा?

सरासरी

सागपान यांचं शेवटचं वाक्य लाखमोलाचं आहे. ठशांच्या पद्धतीचा दावा असा होता की आम्ही सगळे वाघ मोजतो. किती सुटले हे विचारायची सोयच त्यात नव्हती. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी 1960 च्या दशकात ती पद्धत बसवली, त्या काळाच्या साधनांत ते मोठंच काम होतं. वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी 1980 च्या दशकातच तिच्यावर लेखी आक्षेप घेतले. दुर्दैवाने ते मनावर घ्यायला राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पातला प्रकार घडावा लागला. 2004 मध्ये तिथे कागदावर दीड डझनाच्या आसपास वाघ होते आणि 2005 च्या सुरुवातीला स्पष्ट झालं की एकही उरलेला नाही. शिकाऱ्यांनी सगळे संपवले होते आणि आकडे आरामात चालू होते. मला ही आपल्या वन्यजीव इतिहासातली सगळ्यात क्लेशदायक घटना वाटते. त्यानंतर नेमलेल्या टायगर टास्क फोर्सच्या शिफारशींनंतर पद्धत बदलली आणि 2006 पासून दर चार वर्षांनी नव्या रीतीने अंदाज काढला जातो.

आता वाघाचा हिशेब. वाघाचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे, प्रत्येकाचे निराळे. म्हणून पकडून खूण करायची गरज नाही, फोटो हीच खूण. तत्त्व जुनं आहे. डेन्मार्कच्या पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माशांना खुणा करून सोडलं, अमेरिकेत लिंकन यांनी 1930 मध्ये बदकांच्या पायांतल्या कड्यांवरून तोच विचार मांडला. कारंथ यांनी 1990 च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेमध्ये कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावून तो वाघांवर वापरला. पहिल्या खेपेला खूण केलेले किती, दुसऱ्या खेपेला सापडलेल्यांत खुणेचे किती, यावरून एकूण किती ते निघतं.

निशिगंध

सर, हे आम्ही आठवीच्या वर्गात चिंचोक्यांवर करतो! एका बरणीत भरपूर चिंचोके. मूठभर काढायचे, समजा 60 निघाले, त्यांच्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा, परत टाकून बरणी नीट हलवायची. पुन्हा मूठ भरायची. समजा 50 निघाले आणि त्यात ठिपक्याचे 10. म्हणजे पाचातला एक ठिपक्याचा. 60 हा एकूण चिंचोक्यांचा पाचवा हिस्सा, म्हणून बरणीत सुमारे 300.

मुलांना खरी मजा पुढे येते. प्रत्येक गटाचं उत्तर वेगळं. कुणाचं 260, कुणाचं 350. सुरुवातीला ती हिरमुसतात, चुकलं म्हणून. मी त्यांना सांगते की कुणीच चुकलेलं नाही, आता सगळ्यांची उत्तरं फळ्यावर मांडा आणि ती कुठे दाटतात ते बघा.

मग मुद्दाम बिघडवायचं. रंगाऐवजी खडूने ठिपका द्या, हलवताना पुसला जातो, खुणेचे कमी सापडतात, उत्तर फुगतं. बरणी हलवू नका, ठिपक्याचे वरच राहतात, तेच हाताला लागतात, उत्तर आक्रसतं. मधेच एका मुलाला मूठभर नवीन चिंचोके टाकायला सांगा. कुठे काय बिघडलं ते मुलं स्वतः शोधून काढतात.

सरासरी

निशिगंध ताई, तुमच्या वर्गात बसायला आवडेल मला. तुम्ही जी तीन बिघाडं सांगितलीत ती जंगलात जशीच्या तशी घडतात. खूण ओळखता आली नाही तर एक वाघ दोन धरला जातो. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे वेगवेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लागतात. बरणी न हलवणं म्हणजे सगळ्यांची फोटोत येण्याची शक्यता सारखी नसणं: मोठा नर लांबलांब फिरतो आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत येतो, पिल्लंवाली वाघीण थोडक्या जागेत राहते. आणि नवीन चिंचोके म्हणजे पाहणी लांबली तर होणारे जन्म, मृत्यू, स्थलांतर. म्हणून एका भागातली पाहणी थोड्या आठवड्यांतच उरकतात.

आजकाल हा वाघ कुठकुठल्या कॅमेऱ्यांत आला ते ठिकाणही गणितात घेतात, त्यामुळे कॅमेऱ्यांच्या जाळ्याच्या कडेला राहणाऱ्यांचा प्रश्न बराच सुटतो. 2018 मध्ये देशभर 26,838 ठिकाणी कॅमेरे होते, सुमारे साडेतीन कोटी फोटो निघाले आणि त्यांत वाघांचे 76,651. त्यातून 2,461 वेगवेगळे वाघ ओळखले गेले. जाहीर झालेला अंदाज 2,967. म्हणजे पाचशेच्या वर वाघ फोटोत न येताही हिशेबात आले. काहींना यात लबाडी वाटते. मला मात्र ते पाचशे वगळणं जास्त चुकीचं वाटतं.

सागपान

कॅमेऱ्याचं थोडं. उंची गुडघ्याएवढी ठेवतो. समोरचं गवत कापलं नाही तर वारा सुटला की गवताचेच हजार फोटो. गुरं, तेंदूवाले, मोहावाले, सगळे येतात. दोन्ही कॅमेऱ्यांची वेळ जुळवलेली नसली तर डाव्या कुशीचा फोटो कुठल्या उजव्या कुशीचा जोडीदार ते लागत नाही, सगळी मेहनत वाया. कार्ड आणायला जाणं म्हणजे पुन्हा तेवढीच पायपीट.

ऊसकरी

इतके दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहितो. जुन्नर भागात शेती आहे. आमच्याकडं बिबट्या जंगलात नाही, उसात राहतो. उसातच पिल्लं होतात. तोडणीला टोळी आली की सापडतात. रात्रीची लाइट आली की मोटर चालू करायला जावं लागतं, बायको दारात बॅटरी घेऊन उभी. माणसं गेलीत, लहान लेकरं गेलीत. आम्ही विचारतो की किती बिबटे आहेत, तर प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो. देशाच्या बिबट्यांचा अहवाल येतो त्यात आमचे धरलेत का?

सरासरी

ऊसकरी भाऊ, तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो. 2022 च्या पाहणीत देशात 13,874 बिबटे आणि महाराष्ट्रात 1,985 असा अंदाज आला. पण ती पाहणी मुख्यतः वाघांच्या राज्यांतल्या जंगलांची होती. ऊस आणि बागायती शेतीतले बिबटे त्यात नीट आलेले नाहीत, आणि अहवालातच तसं नमूद आहे. तेव्हा 1,985 या आकड्यात तुमच्या शिवारातले बिबटे शोधू नका.

शेतीतल्या बिबट्यांचा अंदाज काढता येत नाही असं मात्र नाही. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तुमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात कॅमेरा ट्रॅप लावून ते केलंय, 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. बिबट्याच्या अंगावरचे ठिपकेही वाघाच्या पट्ट्यांसारखेच प्रत्येकाचे वेगळे. उत्तर आलं 100 चौरस किलोमीटरला साधारण 4.8 प्रौढ बिबटे, आणि जवळपास तेवढेच तरस. तिथे माणसांची वस्ती चौरस किलोमीटरला 300 च्या वर आहे.

एक सावधगिरी. हा 4.8 उचलून जुन्नरच्या क्षेत्रफळाने गुणू नका. ऊस किती, पाणी किती, कुत्री-शेळ्या किती, पकडून हलवलेले किती, यावर घनता बदलते. तुमच्या भागाचा आकडा तुमच्या भागात कॅमेरे लावूनच काढायला हवा. आणि लोकांना दिसलेले बिबटे मोजून तर अजिबात नाही. एकच मादी आठवड्यात चार वस्त्यांवर दिसते आणि चार बिबट्यांची बोंब होते.

खाडीकाठ

अवांतर नाही, पण पाणपक्ष्यांचं सांगावंसं वाटतं. ठाण्याच्या खाडीत ओहोटीला हजारो रोहित (फ्लेमिंगो) एका चिखलात उभे असतात. एकेक मोजणं अशक्य. आम्ही थव्याचा एक तुकडा मोजतो आणि तेवढे तुकडे थव्यात किती बसतात ते पाहतो, फोटो काढून नंतर ताडून बघतो. दाट थव्यात डोळ्यांचा अंदाज बहुतेकांचा कमी पडतो, त्यामुळे ताडणं फार गरजेचं. भीमाशंकरच्या शेकरूचाही असाच पेच आहे. घरटी मोजणं सोपं, पण एक शेकरू एकाहून जास्त घरटी बांधते. एका शेकरूमागे किती घरटी हे वेगळं शोधल्याशिवाय घरट्यांच्या आकड्यावरून शेकरू किती ते सांगता येत नाही.

दंडकारण्य

माझा आक्षेप मी मागे घेत नाही, पण मुरमाड जमिनीचा मुद्दा पटला. आता मला दुसरं सांगा. 2001-02 मध्ये ठशांवरून 3,642 वाघ होते आणि 2006 मध्ये एकदम 1,411. लोकांनी तेव्हा निम्म्याहून जास्त वाघ मेले असाच अर्थ लावला. खरं काय?

सरासरी

त्या दोन आकड्यांची वजाबाकीच करता येत नाही. मोजपट्टी बदलली. काही ठिकाणी वाघ खरोखर संपले होते, सरिस्का त्याचा पुरावा, पण 3,642 हा आकडाच भरवशाचा नव्हता. हत्तींचंही तेच. 2017 मध्ये 29,964 आणि 2025 मध्ये जाहीर झालेला लिदीतल्या डीएनएवरचा अंदाज 22,446. सात हजार हत्ती गेले अशा पोस्टी फिरल्या. पद्धत नवी, म्हणून तुलना यापुढच्या आकड्याशी करायची.

पद्धत तीच असली तरी अंदाजाच्या दोन्ही टोकांकडे बघा. 2018 चा अंदाज 2,967, पण अहवालात 2,603 ते 3,346 असं दिलंय. 2022 चा 3,682, म्हणजे 3,167 ते 3,925. एप्रिल 2023 मध्ये 3,167 हा आकडा जाहीर झाला तेव्हा बऱ्याच बातम्यांत तो एकूण संख्या म्हणून छापला गेला. तो किमान होता. दोन्ही पल्ले थोडेसे एकमेकांवर येतात. वाघ वाढलेत असं मीही म्हणेन, पण 'नेमके 715 वाढले' असं म्हणणार नाही.

या पद्धतीवरही वाद आहेत, ते लपवू नयेत. जिथे कॅमेरे नाहीत तिथे माग, विष्ठा आणि भक्ष्य यांवरून वाघांची घनता ठरवतात. हे नातं एवढं पक्कं नाही, असं अर्जुन गोपालस्वामी, कारंथ आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये मांडलं. पाहणीत सहभागी असलेल्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आपली बाजू मांडली. माझं मत, कॅमेरे जिथे दाट आहेत तिथल्या आकड्यांवर जास्त भरवसा ठेवावा, आणि कच्ची माहिती बाहेरच्या अभ्यासकांना तपासायला मोकळी असावी.

ऊसकरी

सर, आमच्या ग्रामसभेत पुढच्या वेळी वनखात्याचे साहेब येणार आहेत. त्यांना नेमकं काय विचारू? साध्या भाषेत सांगा.

सरासरी

चार गोष्टी विचारा. आकडा कुठल्या गावांच्या हद्दीतला आहे आणि क्षेत्र किती. कॅमेरे किती ठिकाणी, कुठल्या महिन्यांत लावले होते, कारण ऊस उभा असताना आणि तुटल्यावर चित्र बदलतं. फोटोवरून वेगवेगळे बिबटे किती ओळखले. आणि अंदाजाचा किमान व कमाल आकडा काय. कॅमेरे लावलेच नसतील तर 'कधी लावणार' हे लेखी मागा. पिंजरे किती लावायचे हे त्यानंतर ठरायला हवं.

सागपान

आणि भाऊ, साहेबांबरोबर बीटचा वनरक्षक आला असेल तर त्यालाही बोलतं करा. कुठल्या ओढ्याने येणं-जाणं आहे ते त्याला माहीत असतं. कॅमेऱ्याची जागा दाखवायला तुमच्यातली दोन जाणती माणसं द्या, बांधावरच्या वाटा तुम्हालाच ठाऊक. कॅमेरा चोरीला जाणार नाही एवढी जबाबदारी गावाने घेतली तर काम लवकर सुरू होतं, हा आमच्याकडचा अनुभव आहे.

ऊसकरी

लिहून घेतलं. चारही प्रश्न अर्जात टाकतो, सरपंचांची सही घेतो. कॅमेरे सांभाळायला आमची पोरं तयार आहेत. काय उत्तर येतं ते इथं कळवतो.